एक नाममुद्रा, दोन माणसे

पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांची नावे उच्चारताना आपण राम जोशी म्हणतो, अनंत फंदी म्हणतो, प्रभाकर म्हणतो. आणि त्याच ओघात होनाजी बाळा असेही म्हणून जातो. ऐकणाऱ्याचा सहजच समज होतो की, हेही एकाच गृहस्थाचे नाव असावे. वस्तुतः ही दोन माणसे होती. होनाजी सयाजी शिलारखाने हा पुण्यातील गवळी. बाळा बहिरू कारंजकर हा त्याचा मित्र. होनाजीने कवने रचावी आणि बाळाने आपल्या गोड गळ्याने ती फडात गावी, अशी या जोडीची वाटणी होती. लावणीच्या अखेरच्या कडव्यात जी नाममुद्रा येते, तीत मात्र रचणारा आणि गाणारा शेजारी शेजारी उभे राहतात.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. कवित्वाचा मान कवीचा, असा आपल्याकडील रूढ संकेत आहे. पंडित कवींच्या ग्रंथांत ते ग्रंथ वाचून दाखविणाऱ्या पुराणिकाचे नाव कोणी गोवलेले नाही. शाहिराचे काव्य मात्र पोथीत जन्मत नसे; ते डफ-तुणतुण्याच्या आणि ढोलकीच्या तालावर, झीलकऱ्यांच्या साथीने, समोर बसलेल्या लोकांच्या देखत उभे राही. त्यातही कलगी आणि तुरा असे दोन पक्ष. एकाने शक्तीचे श्रेष्ठत्व गावे, दुसऱ्याने शिवाचे. एकाने कूट सवाल टाकावा आणि दुसऱ्याने तो तेथल्या तेथे सोडवावा. अशा सामन्यात शब्द कितीही नेटका असला, तरी तो फेकणारा गळा कच्चा निघाला की फड हरलाच. होनाजीने बाळाला आपल्या मुद्रेत जागा दिली, ती केवळ स्नेहापोटी नव्हे; अर्धे श्रेय ज्याचे, त्याला ते देण्याचा हा व्यवहार होता.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या जोडीला दरबारचा आश्रय लाभला. रागदारीच्या चालींवर लावणी बांधण्याचे श्रेयही परंपरा होनाजीलाच देते. परंतु आश्रय फार टिकणारा नव्हता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्याच महिन्यात नर्मदाकाठचे जबलपूरही नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेले. बाजीराव १८१८ साली शरण आला आणि सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्ताकडे निघून गेला. होनाजी त्यानंतरही पाव शतक जगला. त्याचा मृत्यू १८४४ चा मानतात. राज्य गेले, दरबार गेला. पण गाणे मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पांढरपेशा समाजाने लावणीकडे नाक मुरडले. तरीही ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, आणि शाहिरी वाङ्मय अभ्यासाचा विषय होऊ लागले. १९५१ साली शांतारामांच्या ‘अमर भूपाळी’ या बोलपटाने होनाजीचे नाव पुन्हा घरोघर नेले. कृष्णाला जागविणारी त्याची भूपाळी कित्येक घरांत देवाचे गाणे म्हणूनच म्हटली जाते; तिचा कर्ता तमाशाच्या फडातला होता, हे म्हणणाऱ्यांच्या ध्यानीही नसते.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका साध्या मेजवानीतून हिपहॉपचा उगम झाला, असे मानतात. आज जबलपुरात काय किंवा पुण्यात काय, दोन जुने मित्र एकत्र येऊन तालावर शब्दांची झुंज मांडतात, आणि प्रतिष्ठितांना ते परक्या मुलखातले खूळ वाटते. साधन परके असेल; पण चारचौघांत प्रतिपक्षाला यमकाने गाठणे, आणि गाण्यातच आपले नाव गुंफून ते आपले म्हणून सांगणे, हे मराठी मुलखाला नवे नाही.

होनाजीचे शब्द उरले. बाळाचा आवाज टिपून ठेवणारे यंत्र त्या काळी नव्हते; तो त्याच्याबरोबरच गेला. ज्याचा एक स्वरही कोणी ऐकलेला नाही, अशा गायकाचे नाव दोनशे वर्षांनंतरही मराठी माणूस घेतो, याचे कारण एवढेच की, त्याच्या मित्राने शेवटच्या कडव्यात ते लिहून ठेवले.