मानसिक ताण आणि त्वचेचे आरोग्य

मानसिक ताण आणि त्वचेचे आरोग्य यांचा संबंध दुहेरी आहे. दीर्घकाळच्या ताणाने काही त्वचाविकार बळावतात. तसेच दर्शनी भागावरील त्वचाविकारामुळे रुग्णाचा ताण वाढतो. या संबंधाचा अभ्यास करणाऱ्या शाखेस मनोत्वचाविज्ञान म्हणतात.

शरीरक्रिया
त्वचेची बाह्यत्वचा आणि मज्जासंस्था भ्रूणाच्या एकाच स्तरापासून तयार होतात. ताणाच्या वेळी मेंदूतील अधोथॅलॅमस, पोष ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी या क्रमाने संदेश जाऊन कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. त्याचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास त्वचेतील ओलावा टिकत नाही आणि जखमा उशिरा भरतात. त्वचेतील चेतातंतूंमधून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात व खाज सुटते. खाजवल्याने दाह आणि दाहाने पुन्हा खाज, असे चक्र सुरू होते.

संबंधित विकार
इसब, सोरायसिस, मुरुम आणि अंगावर पित्त उठणे हे विकार ताणाच्या काळात वाढू शकतात. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर साधारणपणे २ ते ३ महिन्यांनी केस गळू लागतात. ही गळती बहुधा तात्पुरती असते. मात्र ताण हे या विकारांचे एकमेव कारण नसते. गजकर्ण बुरशीमुळे, खरूज सूक्ष्म किडीमुळे व कुष्ठरोग जीवाणूमुळे होतो; अशा रोगांची लक्षणे ताणाची समजून उपचार लांबवणे हानिकारक ठरते.

सामाजिक परिणाम
कोड संसर्गजन्य नसूनही रुग्णांना, विशेषतः मुलींना, विवाह जुळवताना नकार पचवावे लागतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'नितळ' (२००६) या मराठी चित्रपटाचा हाच विषय आहे. लपवाछपवी आणि एकटेपणा यांनी ताणात भर पडते.

उपचार
मूळ विकारावरील औषधांबरोबरच पुरेशी झोप, व्यायाम, समुपदेशन आणि आवश्यक तेथे मनोविकारतज्ज्ञांचे उपचार उपयुक्त ठरतात. स्टेरॉइडयुक्त मलमे वैद्यकीय सल्ल्याविना वापरल्यास त्वचा पातळ होते व बुरशीचा संसर्ग पसरतो. मुकुंदवाडीसह छत्रपती संभाजीनगर परिसरातील रुग्णांसाठी 'घाटी' या नावाने परिचित असलेल्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग व मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीद्वारे विनामूल्य समुपदेशन मिळते.