आकाशातील लोहाची साक्ष

इ. स. १८४० साली, तेव्हाच्या हंगेरीच्या राज्यात व आजच्या स्लोवाकियात असलेल्या ओरावा प्रांतात, मागुरा डोंगराच्या परिसरात लोखंडाचे जड गोळे सापडले. ते अशनी होते. म्हणजे आकाशातून पृथ्वीवर आलेले. परंतु लोकांनी त्यांना साधे लोहखनिज मानले आणि त्यांतील बराच भाग भट्टीत वितळून गेला. काही तुकडे मात्र वाचले व अभ्यासकांच्या हाती पडले.

या मागुरा अशनीतूनच १८८९ साली अर्न्स्ट वाइनशेंक यांनी एका नव्या खनिजाचे वर्णन केले. कथलासारखे शुभ्र, कठीण पण ठिसूळ, कालांतराने सोनेरी झाक धरणारे. लोहाच्या तीन अणूंमागे कार्बनचा एक अणू, अशी त्याची घडण. लोहाची थोडी जागा निकेल घेते. अशनींचे थोर अभ्यासक एमिल कोहेन यांच्या सन्मानार्थ त्यास ‘कोहेनाइट’ हे नाव मिळाले. आपल्या घरातील कोयत्याच्या पोलादाला काठिण्य देणारे सिमेंटाइट ते हेच संयुग होय! पुढे १९७१ साली एडवर्ड स्कॉट यांनी लोह-अशनींतील ‘हॅक्सोनाइट’ हे दुसरे कार्बाइड उजेडात आणले.

या इवल्या कणांवरून एक मोठा वाद उद्भवला. साध्या दाबाखाली कोहेनाइट स्थिर नसते. त्याचे लोह व ग्रॅफाइट व्हावयास हवे. मग ते टिकले कसे? प्रचंड दाबामुळे, असा तर्क १९६० साली रिंगवुड यांनी मांडला. तो खरा असता, तर हे अशनी चंद्राएवढ्या गोलांच्या उदरातून आले असे मानावे लागले असते. १९६४ साली लिपशुट्झ व अँडर्स यांनी त्यास हरकत घेतली. तापमान उतरल्यावर विघटनाची क्रिया इतकी मंदावते, की दाबावाचूनही हे कण टिकून राहतात. म्हणजे लहान गोलांतही ते घडू शकतात.

वाचकहो, कोहेनाइटची साक्ष खोटी नव्हती. तिचा अर्थ लावणे कठीण होते. परंतु अर्थाचा वाद घालण्यासाठीसुद्धा साक्षीदार जिवंत असावा लागतो. मागुऱ्याच्या भट्टीत गेलेल्या लोखंडाला आता कोणीही काही विचारू शकत नाही. परमेश्वराने आपल्या हाती सोपविलेल्या सृष्टीचा उपयोग करण्याआधी तिच्याकडे आपण क्षणभर निरखून पाहावे, हेच या इतिहासातून आम्हांस उमगते.