मुदतीचा आरंभ केव्हां ? — वकिलाच्या हयगयीसंबंधीं एक विचार

जिल्हा म्हणून हिंगोली नवी. १ मे १९९९ रोजीं ती परभणीपासून निराळी झाली. परंतु येथील न्यायव्यवहाराचा इतिहास जुना आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कोर्टाचें कामकाज उर्दूंत चाले, आणि बहुतेक मराठी कुणब्यांस तें वाचतां येत नसे. वकील सांगेल तेवढेंच कळे. अशा कुणब्याच्या वकिलानें हयगयीनें अपिलाची मुदत चुकविली व तें त्यास पांच वर्षांनीं समजलें, तर त्यानें वकिलावर दावा केव्हांपर्यंत आणावा ? भाषेचा अडसर गेला तरी हा प्रश्न गेलेला नाहीं.

प्रतिनिधीकडून वाद चालविण्याची सोय स्मृतिकारांस ठाऊक होती. बाप, भाऊ, मुलगा किंवा नेमलेला मनुष्य नसतां जो दुसऱ्यासाठीं बोलेल तो दंड्य, असें नारद सांगतो. नेमलेल्याचा जयपराजय मात्र नेमणाऱ्याचाच. शुक्रनीति (जिच्या काळाविषयीं तीव्र मतभेद असून कित्येक विद्वान तिला एकोणिसाव्या शतकांत ओढतात) लोभानें विपरीत वागणाऱ्या प्रतिनिधीस दंड सांगते. पण दंड राजाचा. पक्षकाराच्या पदरांत त्यांतून कांहीं पडत नसे.

मुदतीचा विचार शास्त्रांत आला आहे तो भोगाच्या प्रकरणीं. धन्याच्या डोळ्यांदेखत परक्यानें जमीन भोगली आणि धनी बोलला नाहीं, तर वीस वर्षांनीं त्याची हानि होते. इतर धनाची दहा वर्षांनीं, असें याज्ञवल्क्याचें वचन आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें ही हानि स्वामित्वाची नव्हे, फळाची, असा सौम्य अर्थ केला. आम्हांस त्या आंकड्यांहून महत्त्वाचीं वाटतात तीं धन्याचीं दोन विशेषणें : तो पाहणारा आहे आणि तो न बोलणारा आहे. ज्यानें पाहिलेंच नाहीं त्याच्या मौनाला दोष कोणता ? पुढच्याच श्लोकांत गहाण, ठेव, अज्ञान बालकाचें धन इत्यादि या नियमांतून वगळलीं आहेत. वकिलाच्या हातीं विश्वासानें दिलेलें दप्तर हें परक्यानें वहिवाटलेल्या शेतापेक्षां ठेवीच्या अधिक जवळचें, असें आमचें मत आहे.

निजामी राज्याचा मुदतीचा कायदा १३२२ फसलीचा. १ एप्रिल १९५१ पासून त्याच्या जागीं १९०८ चा हिंदी कायदा आला. सध्यां चालू आहे तो १९६३ चा. त्याचा अंमल १ जानेवारी १९६४ रोजीं सुरू झाला. प्रतिनिधीच्या हयगयीबद्दल त्याच्या धन्यानें आणावयाच्या दाव्यास या कायद्याच्या परिशिष्टांतील चौथ्या अनुच्छेदानें तीन वर्षें दिलीं आहेत, आणि तीं मोजावयाचीं हयगय फिर्यादीस कळल्यापासून. येथें याज्ञवल्क्याचा 'पाहणारा' पुन्हां भेटल्यासारखें वाटतें. पण हा कायदा इंग्रजी घडणीचा, स्मृतीवरून उतरलेला नव्हे, हें विसरूं नये. तोच दावा कराराचा भंग म्हणून मांडल्यास तीन वर्षें भंगाच्या दिवसापासून धांवूं लागतात, आणि आमच्या कुणब्यास वकिलाची चूक कळण्यापूर्वींच त्याचा दावा मेलेला असतो ! अपिलाचा उशीर माफ करण्याची पांचव्या कलमांतील सवड दाव्यास नाहीं. वकिलानें कपटानें गोष्ट लपविली असेल तर मात्र सतरावें कलम उपयोगीं पडतें.

इतर मार्ग अरुंद आहेत. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालीं वकील परिषदेकडे तक्रार केली, तर वकिलास शिक्षा होऊं शकते, पक्षकाराची भरपाई होत नाहीं, शुक्रनीतीचाच प्रकार. ग्राहक-न्यायाचा दोन वर्षांच्या मुदतीचा मार्ग २००७ सालीं राष्ट्रीय आयोगानें खुला केला होता. तो सर्वोच्च न्यायालयानें १४ मे २०२४ रोजीं बंद केला. आतां हिंगोलीच्या शेतकऱ्यास भरपाईसाठीं दिवाणी कोर्ट उरलें, आणि तेथें हयगय सिद्ध करण्याच्या आधींच ती कोणत्या दिवशीं कळली हें त्यास सांगावें लागतें. निकालाच्या नकलेवरील तारीख हाच बहुधा त्याच्याजवळचा पुरावा असतो.