चिखल झटका, विद्यापीठात जायचंय

डावा पाय जरा जपून टाका. तुम्ही उतरताय ते थेट नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या चिखलात. साल 1995च्या आसपासचं धरा. श्रावणातला रविवार आहे, पहाटेपासून धार धरून पाऊस चाललाय आणि तुमच्या काखेत प्लास्टिकच्या पिशवीत करकचून बांधलेली पुस्तकं आहेत. वय सत्तावीस, शाळा दहावीतच सुटलेली. तरी तुम्ही विद्यापीठाचे विद्यार्थी आहात. हसू नका, फी भरल्याची पावती खिशात आहे.

घरून निघताना नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्लीत, तिचा तिखटपणा अजून जिभेवर आहे. काकूचं बोलणंही कानात आहे. "आवणी अर्धी राहिलीय आन् याला शाळा सुचतेय!" तिचंही खरंच आहे. सगळं घर गुडघाभर गाऱ्यात वाकून भाताची रोपं लावतंय आणि तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून एसटीची वाट बघताय.

आली! धक्के खात चढा. आत ओली घोंगडी, विडी, डिझेल आणि कुणाच्या तरी पिशवीतली सुकट, असा सगळा वास एकदम नाकात शिरतो. बाकाखाली पाय बांधलेली कोंबडी अधूनमधून तुमच्या घोट्याला चोच मारतेय. कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर पंच टकटकवत गर्दीतून येतो. "सरका, सरका, मधी जागा हाय!" मधी काडीची जागा नाही. वाघेरा घाटात धुकं इतकं दाट, की ड्रायव्हर बाहेर डोकं काढून रस्ता बघतो आणि काचेच्या फटीतून पाणी नेमकं तुमच्याच मानेवर गळतं. पुस्तकं पोटाशी धरा.

गिरणारे गेलं की रस्ता जरा शहाण्यासारखा वागतो. याच अंगाला, गंगापूर धरणाजवळ, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे, 'ज्ञानगंगोत्री'. विद्यापीठ 1989चं. पहिले कुलगुरू राम ताकवले, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तुम्ही मात्र तिथं उतरायचं नाही, तुमचं तिथं काम नाही. तुमचा वर्ग नाशिकमधल्या एका कॉलेजात भरतो, तोही रविवारी, कारण त्या दिवशी तिथली पोरं घरी असतात.

तो बघा तुमचा बाक. बुटका, कर्कटकानं कोरलेल्या नावांनी भरलेला, गुडघे मावत नाहीत. शेजारी रात्रपाळी करून आलेला पोलीस जांभया देतोय. पुढे एक नर्स, तिच्यापलीकडे काळ्या नखांचा एसटी मेकॅनिक. ओल्या कपड्यांची वाफ आणि खडूची धूळ. समंत्रक येतात (इथे सरांना हेच म्हणायचं) आणि विचारतात, "घटक वाचून आलात?" सगळे खाली बघतात. थोरामोठ्यांचा हा भित्रेपणा बघण्यासारखा असतो.

बारावी नसताना तुम्ही इथवर आलात ते पूर्वतयारीच्या परीक्षेमुळे. तिला शाळेचा दाखला लागत नाही, लिहिता-वाचता आलं की झालं. मला या विद्यापीठाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद म्हणायला सोपं आहे. पण पावसाळ्यात हरसूलकडे एसटीसुद्धा घरोघरी जात नाही. इथे गेली ती पुस्तकं. उघडून बघा, ती तुमच्याशीच बोलतात. आधी उद्दिष्टं सांगतात, मग थोडं शिकवून लगेच प्रश्न टाकतात आणि उत्तरं शेवटी देतात. कंदिलाजवळ एकटा बसून वाचणाऱ्याला शिक्षक कुठून मिळणार, हे लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखलेलं आहे. उत्तरं आधी उघडून बघायचा मोह होईल. होऊ द्या, पोलीसही तेच करतो.

वर्ग सुटला. आता पळा. हरसूलची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागेल आणि उद्या सकाळी आवणी आहे.