जूनचा तिसरा रविवार : ज्याचा सत्कार, तोच आचारी

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनी, अमेरिकन आईला स्वयंपाकघरातून सुट्टी मिळते. कुटुंब तिला बाहेर जेवायला नेते. तिथल्या उपाहारगृहांच्या दृष्टीने वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांपैकी तो एक. पाच-सहा आठवड्यांनी, जूनच्या तिसऱ्या रविवारी, वडिलांचा दिवस येतो. त्या दिवशी मात्र उत्सवमूर्ती स्वतःच एप्रन बांधून परसदारी निखाऱ्यांपुढे उभी असते आणि सत्कार करणारी मंडळी ताटे घेऊन वाट पाहत बसलेली असतात.

ही उलटी रीत आली कुठून? ‘पुरुष आणि अग्नी यांचे आदिम नाते’ असे एक उत्तर नेहमी दिले जाते. ते ऐकायला भारदस्त आहे, पण इतिहास म्हणून त्याला फारसा आधार नाही. परसातल्या शेगडीपुढे उभा असलेला बाप ही प्रतिमा बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. ती कशी घडली आणि घडताना त्या परसाबाहेर कोण राहिले, याचा हा धागा.

आधी दिवसाची गोष्ट. ‘पितृदिन’ हा शब्द ऐकला की मराठी मनाला भाद्रपदातला पितृपक्ष आठवतो. योगायोग असा की, या दिवसाचा पहिला ज्ञात प्रयोग खरोखरच मृत पित्यांसाठी होता. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मोनोंगा येथील कोळशाच्या खाणीत भीषण स्फोट झाला. अधिकृत मोजणीनुसार ३६० हून अधिक माणसे मेली. त्यांत इटली आणि पूर्व युरोपातून पोटासाठी आलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाण-अपघात. एका फटक्यात सुमारे हजार मुले पोरकी झाली. जवळच्या फेअरमाँट गावातील ग्रेस गोल्डन क्लेटन या स्त्रीने आपल्या चर्चच्या धर्मगुरूंना सुचवले की या बापांसाठी एक प्रार्थनासभा व्हावी. ५ जुलै १९०८ रोजी ती झाली. आदल्याच दिवशी स्वातंत्र्यदिनाची धामधूम होती. सभेची फारशी वाच्यता झाली नाही आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा भरलीही नाही.

टिकला तो दुसरा प्रयत्न, देशाच्या दुसऱ्या टोकाला. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहरात सोनोरा स्मार्ट डॉड राहत असे. १८९८ साली तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा सोनोरा १६ वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर पाच भाऊ होते. वडील विल्यम जॅक्सन स्मार्ट हे यादवी युद्धात लढलेले शेतकरी. त्यांनी पुढे मुले एकट्याने वाढवली. १९०९ साली चर्चमध्ये मातृदिनाचे प्रवचन ऐकताना सोनोराच्या मनात आले की असा दिवस वडिलांसाठीही हवा. तिने ५ जून ही वडिलांच्या वाढदिवसाची तारीख सुचवली. धर्मगुरूंना तयारीला वेळ हवा होता, म्हणून तारीख पुढे गेली आणि १९ जून १९१० रोजी, महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, स्पोकेनने पहिला पितृदिन पाळला. वडील हयात असतील तर लाल गुलाब, नसतील तर पांढरा, असा संकेत ठरला. दिवसाचा गाभा प्रार्थना, प्रवचन आणि गुलाब एवढाच होता. शेगडीचा त्यात मागमूस नाही.

१९ जून ही तारीख लक्षात ठेवावी. तिच्याकडे परत यायचे आहे.

यानंतरची साठ वर्षे या दिवसाने उमेदवारी केली. मातृदिनाला १९१४ सालीच राष्ट्रीय मान्यता मिळाली. पितृदिनाकडे मात्र लोक हसून पाहत. दुकानदारांचा नवा डाव, अशी टीका होई, आणि ती अगदीच खोटी नव्हती. १९३८ साली न्यूयॉर्कच्या पुरुषी कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी या दिवसाच्या प्रचारासाठी स्वतंत्र मंडळच काढले. टाय, पाइप, पाकीट या भेटवस्तू तिथून रुळल्या.

आता जेवणाकडे. उघड्यावर, आगीवर, गर्दीसाठी मांस भाजणे ही अमेरिकेत पितृदिनाहून कितीतरी जुनी गोष्ट आहे. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. व्हर्जिनियात तर अठराव्या शतकात बार्बेक्यू म्हणजे सामाजिक मेळावाच होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७६९ सालच्या रोजनिशीत अलेक्झांड्रिया येथील बार्बेक्यूला जाऊन रात्रभर राहिल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडील राज्यांत निवडणूक असो वा ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, बार्बेक्यूवाचून सभा भरत नसे. जमिनीत लांब चर खणायचा, त्यात हिकरी किंवा ओक जाळून निखारे करायचे, वर आडव्या काठ्यांवर सबंध डुकरे किंवा बैलाचे मोठे तुकडे ठेवायचे आणि बारा-बारा तास मंद धगीवर फिरवत राहायचे.

हे काम कोण करी? पाहुण्यांच्या रोजनिशीत त्यांची नावे नाहीत. दक्षिणेत चरापाशी रात्र जागवणारे आचारी प्रामुख्याने गुलामगिरीतले कृष्णवर्णीय होते. १९३० च्या दशकात सरकारी लेखक-प्रकल्पाने गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या, तेव्हा साउथ कॅरोलायनातील वेस्ली जोन्स यांनी आपण तरुणपणी अशा जेवणावळींसाठी रात्रभर मांस कसे भाजत असू याचे वर्णन केले. व्हिनेगर, काळी आणि लाल मिरी, मीठ, लोणी, थोडे धणे, कांदा, लसूण यांचे मिश्रण लांब काठीला बांधलेल्या फडक्याने मांसावर सारखे फासायचे. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला ही कृती जिन्नसांनिशी आठवत होती. अमेरिकन बार्बेक्यूच्या इतिहासात इतकी जिवंत नोंद विरळा. आणि ती एखाद्या पाककृतीच्या पुस्तकातून नव्हे, तर ज्याला आपल्या श्रमाचा मोबदला कधी मिळाला नाही त्याच्या तोंडून आलेली आहे.

गुलामगिरी संपल्यावर याच चराचा अर्थ पालटला. १९ जून १८६५ रोजी टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गुलामांच्या मुक्ततेचा आदेश जाहीर केला. पुढच्याच वर्षापासून टेक्ससमधील मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबे त्या तारखेला एकत्र जमू लागली. ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ हे शब्द जोडून ‘जूनटीन्थ’ हे नाव पडले. प्रार्थना, घोषणेचे वाचन आणि नंतर उघड्यावरचे मोठे जेवण. ताटात भाजलेले मांस, सोबत लाल रंगाची पेये. सार्वजनिक बागा त्यांना बंद असत. म्हणून १८७२ साली ह्यूस्टनमधील मुक्त लोकांनी वर्गणी काढून या उत्सवासाठी १० एकर जमीन विकत घेतली. आजचे तिथले इमॅन्सिपेशन पार्क ते हेच. ज्या बापांना आपल्या मुलांवर कायद्याने हक्क नव्हता, ज्यांची मुले त्यांच्यादेखत विकली जात, त्यांनी मुलानातवंडांना भोवती घेऊन स्वतःच्या जमिनीवर, स्वतःसाठी पेटवलेला हा अग्नी होता. उन्हाळ्यात उघड्यावर बसून कुटुंबाने बापासोबत जेवण्याची गोष्ट सांगायची तर तिचा आरंभ इथे शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

मात्र गावाच्या चरापासून घराच्या परसापर्यंत यायला तंत्र बदलावे लागले. चार माणसांसाठी रात्रभर ओंडके कोण जाळणार? उत्तर आले मोटारीच्या कारखान्यातून. हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीत लाकूड पुष्कळ लागे आणि मिशिगनमधील गिरणीत भुसा व ढलप्यांचे ढीग साचत. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी फोर्डने त्यांचा कोळसा करून, दळून, पिष्ठमय पदार्थाने बांधून उशीच्या आकाराच्या वड्या पाडायला सुरुवात केली. अशा वड्यांच्या रचनेचे पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ सालीच घेतले होते. फोर्डकडे कच्चा माल आणि विक्रीचे जाळे होते. हा कोळसा मोटारविक्रेत्यांच्या दुकानांतूनच विकला जाई, पुढे छोट्या ग्रिलसकट : गाडी घ्या, कोळसा घ्या, रानात जाऊन जेवा. जागेच्या व्यवहारात मदत करणारे नातलग एडवर्ड किंग्सफर्ड यांचे नाव या कोळशाला १९५१ साली, धंदा दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर मिळाले आणि आजही तेच आहे.

परसदाराचा नमुना घालून दिला कॅलिफोर्नियाने. ‘सनसेट’ मासिकाने १९३८ सालीच घराच्या अंगणात विटांची शेगडी कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक काढले होते. मग युद्ध आले, मांसाचे रेशनिंग झाले, आणि युद्ध संपल्यावर सगळे एकदम सुटले. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरासाठी सुलभ कर्ज मिळू लागले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून चार वर्षांत लेव्हिटटाउन ही १७,००० हून अधिक घरांची वसाहत उभी राहिली. प्रत्येक घराला हिरवळीचा तुकडा. १९५२ साली शिकागोच्या एका धातुकारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी, तिथे पाण्यावरच्या तरंगत्या खुणांसाठी बनणारे पोलादी गोळे पाहून, तसाच गोळा मध्ये कापून पाय आणि झाकण लावले. वारा-पावसाला न जुमानणारे ‘वेबर’ ग्रिल ते हेच.

पण ही हिरवळ सगळ्यांसाठी नव्हती. लेव्हिटटाउनच्या प्रारंभीच्या करारात स्पष्ट कलम होते की गोऱ्या वंशाखेरीज कोणी या घरात राहू नये. त्याला एक अपवाद होता : घरगड्यांचा. अमेरिकेला बार्बेक्यू शिकवणाऱ्यांचे वंशज त्या परसात नोकर म्हणून येऊ शकत होते, शेजारी म्हणून नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी वांशिक कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणण्यास मनाई केली. तरी वसाहतीचे विकणे-नाकारणे पुढेही त्याच धोरणाने चालू राहिले. जाहिरातींतला बार्बेक्यू करणारा बाप गोरा का दिसतो, याचे उत्तर अभिरुचीत शोधण्यापेक्षा या करारपत्रांत शोधावे.

आणि तो बापच का, आई का नाही? मराठी वाचकाला हे कोडे फार अवघड वाटू नये. घरच्या चुलीपाशी बाई आणि लग्नाच्या पंगतीला चुलाणावर आचारी, ही विभागणी आपल्या ओळखीची आहे. गर्दीसाठी, उघड्यावर, मोठ्या जाळावर होणारा स्वयंपाक अमेरिकेतही पुरुषांचा मानला जाई. आग आकाराने लहान होऊन परसात आली, तेव्हा तो समजही तिच्याबरोबर आला. शिवाय उपनगरातला बाप आठवडाभर शहरातल्या कचेरीत असे. मुलांना तो दिसे शनिवार-रविवारी. ग्रिलमुळे त्याला घरात चारचौघांसमोर करण्याजोगे एक काम मिळाले. अध्यक्ष आयझेनहॉवर तर मांसाचे तुकडे थेट निखाऱ्यांवर टाकून भाजण्यासाठी प्रसिद्ध होते. देशाचा सेनापती हे करतो म्हटल्यावर एप्रन बांधण्यातला संकोच संपला. अर्थात बटाट्याचे सॅलड, कोबीची कोशिंबीर, मांस मुरवणे आणि शेवटी भांडी घासणे, ही कामे घराच्या आतच होत आणि कोण करी हे वेगळे सांगायला नको. टाळ्या मात्र धुराच्या बाजूला.

जूनचा रविवार, मुलांच्या शाळा सुटलेल्या, हवा उघडी, सुट्टीवरचा बाप आणि दुकानात ग्रिलची रास. टायबरोबर चिमटे आणि एप्रनही भेटवस्तूंच्या यादीत आले आणि स्पोकेनची प्रार्थनासभा परसातल्या जेवणात विरघळली. टेक्ससमधल्या आपल्या रँचवर परदेशी पाहुण्यांनाही बार्बेक्यू खाऊ घालणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीच १९६६ साली जूनचा तिसरा रविवार पितृदिन म्हणून घोषित केला. १९७२ साली निक्सन यांच्या सहीने तो कायमचा झाला. सोनोरा डॉड तेव्हा नव्वदीची होती. तिचे वडील जाऊन पन्नास वर्षे उलटली होती.

राहिली ती तारीख. १९१० चा पहिला पितृदिन १९ जूनला पडला तेव्हा दूर टेक्ससमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे त्याच दिवशी आपली आग पेटवत होती. स्पोकेनच्या चर्चमध्ये कोणाला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. जूनटीन्थ ही राष्ट्रीय सुट्टी झाली २०२१ साली. पुढच्याच वर्षी, १९ जून २०२२ रोजी, दोन्ही दिवस एकाच रविवारी आले. असा योग आता २०३३ साली.