परक्यांना मदत कशाला? आयर्लंडच्या दुष्काळातलं उत्तर



२०१५ साली नेपाळात भूकंप झाला तेव्हा आपण 'ऑपरेशन मैत्री' राबवलं. २०२३ मध्ये तुर्कस्तानात 'ऑपरेशन दोस्त'. दोन्ही वेळी एक प्रश्न ऐकू आला. आपल्याच घरात गरजू असताना परक्यांना मदत कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आज आपण आयर्लंडला जाऊ.

१८४५ मध्ये तिथल्या बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरिबांचं सारं पोट बटाट्यावर. पुढच्या काही वर्षांत भुकेनं आणि तापाच्या साथींनी सुमारे दहा लाख माणसं गेली. आणखी दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला.

बाहेरून अगदी सुरुवातीला मदत कुठून गेली असेल? आपल्या कलकत्त्याहून! कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ होते. १८४६ च्या आरंभी तिथे निधी उभा राहिला आणि सुमारे १४,००० पौंड जमले. तुटपुंज्या पगाराच्या शिपायांनीही त्यात वर्गणी घातली.

फौजी माणूस म्हणून मला सगळ्यात भावते ती 'जेम्सटाउन'ची गोष्ट. ही अमेरिकेची युद्धनौका. तिच्या तोफा उतरवल्या, धान्य भरलं आणि २८ मार्च १८४७ रोजी ती बोस्टनहून निघाली. सुमारे ८०० टन रसद घेऊन १५ दिवसांत ती कॉर्कच्या बंदरात पोहोचली. त्या वेळी त्या देशाचं मेक्सिकोशी युद्ध चालू होतं, तरीही काँग्रेसनं जहाज दिलं.

त्याच मार्च महिन्यात चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीनं १७० डॉलर जमवले. जेमतेम सोळा वर्षांपूर्वी त्यांना स्वतःच्या भूमीतून हुसकायला सुरुवात झाली होती. त्या वाटेवर त्यांची हजारो माणसं थंडीनं, भुकेनं आणि रोगानं मेली. 'आधी आपलं बघू' म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो त्यांना होता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या दानांनी दुष्काळ थांबला नाही. लोक मरत असताना आयर्लंडमधून धान्य बाहेर जातच होतं. ब्रिटिश रिलीफ असोसिएशन ही संस्था पश्चिम भागातल्या शाळांतून मुलांना जेवू घालत होती. पोलंडचे पावेल स्त्रेलेत्स्की ते काम बघत. १८४८ मध्ये निधी संपला आणि ते जेवणही थांबलं. सरकारचं काम दानानं होत नाही, हा धडा आजही लागू आहे.

मग दानाची किंमत काय? सरकारी निर्णय होईपर्यंतचे दिवस ते भरून काढतं. त्या दिवसांत ज्या पोराला पेजेची वाटी मिळाली, त्याच्यासाठी तेवढंच पुरेसं होतं. दुसरं म्हणजे ते लक्षात राहतं. कॉर्कजवळच्या मिडलटन गावात आज चोक्टॉंच्या स्मरणार्थ पोलादी पिसांचं शिल्प उभं आहे. २०२० च्या कोरोनाकाळात नवाहो आणि होपी जमातींसाठी निधी जमत होता, तेव्हा हजारो आयरिश लोकांनी १८४७ ची आठवण ठेवून पैसे पाठवले. देणाऱ्या जमाती वेगळ्या, घेणाऱ्या वेगळ्या, पण ऋण फेडलं गेलं.

म्हणून पुढच्या वेळी परदेशातल्या आपत्तीसाठी कुणी हात पसरला, तर रक्कम लहान आहे म्हणून संकोचू नका. फक्त एक बघा: पैसे घेणारी संस्था ते तिथवर पोहोचवते ना? रसद गोदामात राहिली तर तिचा उपयोग शून्य, हे आम्ही फौजेत पहिल्या वर्षीच शिकतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!