अर्ध्या इंचाचं गणगोत

सोलापूरहून विजापूरला जाताना मंद्रूप लागतं. अशा गावातली जुनी काळी डबलबार सायकल पायडलापाशी निरखून पाहिली, तर तिचे भाग सहसा एका घरचे नसतात. चेनव्हील हर्क्युलिसचं, पायडल अ‍ॅटलासचं, तर फ्रीव्हील लुधियानाच्या एखाद्या छोट्या कारखान्यातलं. जुन्या सायकली जमवणारे हौशी याला भेसळ म्हणतात आणि बाकीचे गरिबीची तडजोड. मला दोन्ही निवाडे उथळ वाटतात. ही अदलाबदल एका सामाईक मापावर उभी होती, आणि त्या मापाच्या जोरावरच सायकल खेड्यात टिकली.

हे माप इंग्लंडातून आलं. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये रोलरची साखळी काढली आणि पुढे साध्या सायकलींच्या चेनला अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची कडी रूढ झाली. बर्मिंगहॅमची बीएसए तर हब, चेनव्हील, क्रँक असे सुटे भाग इतर कारागिरांना विकायची. ते फ्रेम आपली घालत आणि नावही आपलंच लावत. म्हणजे हौशी ज्याला ‘अस्सल’ म्हणतात, त्यातलं बरंचसं मुळात जुळवलेलंच होतं. आपल्याकडे १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास आणि १९५६ मध्ये लुधियानात हिरो सुरू झाली. हिरो काढणाऱ्या मुंजाल बंधूंचा आधीचा धंदाही सुट्या भागांचाच. कारखाने वाढत गेले, पण अर्धा इंच कुणी सोडला नाही.

गरिबीने ही जोडाजोड करायला लावली हे खरं, पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. पुढे चेनव्हीलला ४८ दाते आणि मागे फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात अठ्ठावीस इंची सायकल सुमारे सहा मीटर जाते. पुढे ४४ आणि मागे २० केले की पाचच्या आत येते. वेग जातो, पण कॅरिअरला दुधाच्या किटल्या लावून चढ चढताना मांडीवर ताण कमी येतो. चेनव्हील एका कंपनीचं आणि फ्रीव्हील दुसरीचं घालून हे साधता येत असेल, तर ती निवडच म्हणायची.

अशा जोडाजोडीने सायकल लवकर खराब होते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. झिजून आकड्यासारख्या झालेल्या दात्यांवर नवी चेन चढवली, तर जोर लावताच ती घसरते. म्हणून जाणता मिस्त्री चेन आणि फ्रीव्हील बरोबरच बदलतो. शिवाय सगळंच सगळ्याला बसत नाही. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या बीबी कपला, म्हणजे क्रँकच्या आसाच्या वाटीला, इंचात २६ आटे असत आणि इतरांच्या कपला २४. न जुळणारा कप दांडगाईने पिळला तर फ्रेमचेच आटे जातात. पण हे अपवाद माहीत असणं हाच त्या धंद्यातल्या विद्येचा भाग आहे. कुठे जुळतं आणि कुठे नाही, हे कळल्याशिवाय जोडाजोड करता येत नाही.

याउलट आजच्या गिअरच्या सायकलींत दहा गिअरची चेन अकरा गिअरच्या संचाला सहसा नीट चालत नाही, आणि गिअरचा खटका एका कंपनीचा तर चेन सरकवणारा डिरेलर दुसरीचा असेल तर अनेकदा सूत जमत नाही. त्या सायकली वेगवान आहेत, पण त्यांची दुरुस्ती कंपनीच्या दुकानाला बांधलेली आहे. गावच्या मिस्त्रीला स्वतंत्र ठेवायचं तर कारखान्यांना आपसांत एक माप पाळावं लागतं, हा जुन्या साखळीचा धडा आजच्या कारखान्यांनाही लागू आहे.